‘थम्स अप’ विकले गेले, तेव्हा कायदा कोठे होता?

अंधेरी पूर्वेला पश्चिम द्रुतगती महामार्गालगत बिसलेरीचे मुख्य कार्यालय आहे. आज पाण्याच्या बाटलीसाठी ओळखले जाणारे हे चौहान घराणे १९९३ पर्यंत देशातील शीतपेयांचे अनभिषिक्त राजे होते. घराण्याच्या जुन्या उद्योगाला ‘पार्ले’ हे नाव शेजारच्याच विलेपार्ल्याने दिले. गोल्ड स्पॉट, लिम्का, थम्स अप, माझा, सिट्रा ही सारी पेये पार्लेची.

हे राज्य उभे राहण्यात कायद्याचाही वाटा होता. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार, म्हणजे ‘फेरा’नुसार, बहुतेक परदेशी कंपन्यांना भारतातील आपले भागभांडवल ४० टक्क्यांवर आणावे लागणार होते. कोका-कोलाला ते मान्य नव्हते. जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, १९७७ मध्ये, तिने गाशा गुंडाळला. सरकारने स्वतःचे ‘डबल सेव्हन’ काढून पाहिले, पण लोकांच्या हाती राहिले ते थम्स अप.

फेरा हा राष्ट्रीय सुरक्षेचा कायदा नव्हता. तरीही मालक कोण, परका की आपला, हा प्रश्न त्याच्या मुळाशी होता. बाजारात स्पर्धा उरेल का, हा प्रश्न निराळा. तो विचारण्याचे काम १९७० पासून अमलात असलेल्या मक्तेदारी कायद्याकडे, ‘एमआरटीपी’कडे होते. मोठ्या उद्योगांच्या विलीनीकरणाला आणि ताब्याला त्यानुसार केंद्राची पूर्वपरवानगी लागे.

१९९१ च्या उदारीकरणात ही पूर्वपरवानगीची कलमेच वगळली गेली. परवान्यांचा जाच संपला, हे खरे. पण भिंत पाडताना दाराची चौकटही उखडली गेली.

दोनच वर्षांनी, १९९३ मध्ये, कोका-कोला परतली आणि तिने पार्लेची ही पेयनाममुद्रा विकत घेतली. निम्म्याहून अधिक बाजारपेठ सांभाळणारा देशी स्पर्धक एका करारात बाजूला झाला. समोर मुख्यतः उरली पेप्सी, जी १९९० मध्ये ‘लेहर’ हे देशी उपनाम लावून आली होती. या व्यवहाराने स्पर्धेचे काय होईल, हे आधी तपासणे कायद्याने कोणावरही बंधनकारक नव्हते. रमेश चौहानांना विक्रीचा दोष देणे सोपे आहे, पण ते अपुरे ठरेल. पार्लेचा डोलारा मुख्यतः गावोगावच्या स्वतंत्र बाटलीभरणाऱ्यांवर उभा होता. तेच फुटले, तर नावांना किंमत किती उरणार?

याचे प्रत्यंतर लगेच आले. अहमदाबाद आणि राजकोटच्या गुजरात बॉटलिंग कंपनीचे समभाग पेप्सीच्या बाजूकडे गेले. कोका-कोला मुंबई उच्च न्यायालयात गेली. करार चालू असेतो दुसऱ्याचे पेय भरू नये, हे बंधन व्यापाराला मारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ठरवले. दोन महाकाय कंपन्यांची झुंज बाजाराच्या नव्हे, कराराच्या कलमांवर लढली गेली.

साबणाची गोष्टही अशीच. हिंदुस्थान लीव्हर आणि टाटांची टॉम्को यांच्या विलीनीकरणाविरुद्ध कामगार संघटना व ग्राहक गट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९९४ मध्ये ते हरले. पूर्वपरवानगीची कलमेच गेल्याने त्यांचा मक्तेदारीचा मुद्दा लंगडा पडला.

ही पोकळी भरायला जवळजवळ वीस वर्षे लागली. २००२ च्या स्पर्धा कायद्यातील विलीनीकरणाची कलमे १ जून २०११ रोजी लागू झाली. ठरावीक मर्यादेपुढचे व्यवहार तेव्हापासून आधी भारतीय स्पर्धा आयोगाकडे जातात. मालक कोण हा जुना प्रश्न एप्रिल २०२० मध्ये नव्या रूपात परतला. भूसीमा लागून असलेल्या देशांतील गुंतवणुकीला सरकारची पूर्वमंजुरी आवश्यक झाली.

२०२३ च्या मार्चमध्ये टाटा कंझ्युमरने बिसलेरीच्या खरेदीची बोलणी थांबल्याचे जाहीर केले. टाटांकडे ‘हिमालयन’ हे बाटलीबंद पाणी आधीच होते. तो व्यवहार कायद्याच्या मर्यादेत बसला असता, तर ३० वर्षांपूर्वी अंधेरीच्या या घराण्याला कोणी विचारलाच नव्हता, तो प्रश्न या वेळी दिल्लीत विचारला गेला असता.