लंडनची शिंपीआळी

आपल्याकडील जुन्या शहरांत प्रत्येक धंद्याची स्वतंत्र आळी असे. तांबट आळी, कासार आळी, बुरूड आळी, शिंपी आळी हीं नांवें अद्यापि पुष्कळ गांवीं ऐकूं येतात. मात्र नांव उरलें आणि धंदा गेला, अशीच बहुतेक ठिकाणीं स्थिति आहे. लंडनसारख्या शहरीं, जेथें वीतभर जमीनही सोन्याच्या मोलाची, तेथें एक शिंपीआळी दीड शतकाहून अधिक काळ आपल्या धंद्यासह जागच्या जागीं उभी आहे. तिचें नांव सॅव्हिल रो. कोट-पाटलोणीचा एक जोड तेथें अंगास बेतून शिवून घ्यावयाचा, तर आजच्या दरानें पांच-सहा हजार पौंड, प्रसंगीं त्याहूनही बरेच अधिक, मोजावे लागतात. आपल्या रुपयांत हा आंकडा सहा-सात लाखांच्या आसपास जातो. एका पोशाखाला एवढें मोल कशाचें, हा प्रश्न कोणाही गृहस्थाच्या मनांत उभा राहील.

आमच्या घरीं तर तो नुसत्या कुतूहलाचा प्रश्न राहिला नव्हता. माझा पुतण्या लंडनमध्यें नोकरीस आहे. असा एक जोड करून घ्यावा असें त्याच्या मनानें घेतलें, आणि ती वार्ता घरीं पोहोंचतांच थोरल्या बंधूंना तें उधळपट्टीचें शिखर वाटलें. मी त्या सुमारास पुतण्याकडेच मुक्कामास होतों. बंधूंचें पत्र आलें, "तूं जन्मभर मुलांचीं गणितें तपासलींस, आतां हें एक तपास, ही किंमत आहे कीं लूट आहे, तेवढें कळव." वडील माणसाची आज्ञा, तेव्हां काका-पुतणे एके दिवशीं सकाळींच निघालों.

पिकॅडिली हा लंडनचा गजबजलेला रस्ता. त्यावर बर्लिंग्टन हाऊस ही प्रशस्त इमारत असून तींत रॉयल अकॅडमी ही प्रसिद्ध कलासंस्था आहे. या इमारतीच्या पिछाडीस गेलें, कीं उत्तरेकडे जाणारी एक शांत गल्ली लागते. हीच सॅव्हिल रो. एका टोंकापासून दुसऱ्या टोंकास चालत जाण्यास पांच मिनिटें पुष्कळ झालीं. पूर्वेस, हांकेच्या अंतरावर, रीजंट स्ट्रीटची अखंड वर्दळ; येथें मात्र आवाज कमी, पाट्या लहान, आणि दुकानाच्या कांचेआड मांडलेला कोट एखाद-दुसराच.

अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकांत बर्लिंग्टनच्या अर्लच्या जमिनीवर हा रस्ता वसला आणि त्याच्या पत्नीच्या, लेडी डोरोथी सॅव्हिलच्या, माहेरच्या नांवावरून त्याचें नामकरण झालें. आरंभीं येथें शिंपी नव्हते. सरदार आणि लष्करी अधिकारी यांची ही वस्ती. अशा बड्या गिऱ्हाइकांच्या मागोमाग शिंपी आसपास आले आणि हळूहळू खुद्द या रस्त्यांत शिरले. हेन्री पूल ही येथील जुनी पेढी. तिनें १८४६ सालीं आपल्या दुकानाचें दार सॅव्हिल रोवर उघडलें. पुढें सातवा एडवर्ड म्हणून राज्यावर बसलेल्या युवराजासाठीं याच पेढीनें १८६५ सालीं एक आंखूड कोट शिवला, आणि सायंकाळच्या भोजनसमारंभांत घालावयाच्या आजच्या कोटाचा उगम त्यांत असल्याचें सांगतात. एक नंबरच्या इमारतींत पूर्वीं रॉयल जिऑग्राफिकल सोसायटी होती. आफ्रिकेचा संशोधक लिव्हिंगस्टन याचें शव १८७४ सालीं दफनापूर्वीं तेथेंच ठेवलें होतें. ज्यूल व्हर्नच्या ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या फॉग साहेबाचें बिऱ्हाडही कादंबरीकारानें याच रस्त्यावर सात नंबरांत टाकलें आहे.

येथून पश्चिमेस थोड्याच अंतरावर बाँड स्ट्रीट आहे. १८८८ सालीं बॅरिस्टर होण्यासाठीं आलेल्या तरुण मोहनदास गांधींनीं तेथें दहा पौंड देऊन सायंकाळचा पोशाख शिवून घेतला होता. आत्मचरित्रांत त्यांनीं हे दहा पौंड वायां गेल्याचें सांगितलें आहे. पुढें पंचा नेसूनच ते १९३१ सालीं याच शहरांत गोलमेज परिषदेस आले, हें सर्वश्रुत आहे. माणसाचें मोल वस्त्रावर नसतें याला याहून मोठा दाखला नको. परंतु वस्त्राचें मोल कशावर असतें, हा प्रश्न त्यामुळें सुटत नाहीं.

तो सोडवावयाचा तर रस्त्यावर उभें राहून समोरच्या दुकानांकडे न पाहतां खालीं पाहावें. पुष्कळ घरांना फुटपाथाखालीं तळघरें आहेत आणि लोखंडी कठड्यांतून त्यांच्या खिडक्या दिसतात. आंत दिव्याखालीं माणसें मान खालीं घालून टांके घालीत असतात. पूर्वीं तेथील शिंपीही आपल्या शिंप्याप्रमाणें फळीवर मांडी घालूनच बसत. अमरकोशांत शिंप्यास तुन्नवाय आणि सौचिक अशीं दोन नांवें आहेत. एकांत टोंचण्याचा धातु आहे, दुसऱ्यांत सुई. यंत्रें किती आलीं, तरी त्या तळघरांतील माणसास हींच दोन नांवें शोभतात.

एका दुकानांत आम्हांस आदरानें आंत घेतलें. तेथील बेतणारे गृहस्थ, ज्यांस कटर म्हणतात, माझ्याच वयाचे होते. मी शाळामास्तर असल्याचें कळतांच त्यांनीं सर्व काम पहिल्या धड्यापासून समजावून सांगितलें. आपल्याकडे शिंप्यासही मास्तरच म्हणतात, हें मीं सांगितलें तेव्हां ते प्रसन्न हंसले.

तयार कपडा हजारों अनोळखी माणसांसाठीं ठराविक मापांत शिवलेला असतो. दुसरा प्रकार मापाप्रमाणें केलेल्या कपड्याचा. त्यांत कारखान्याचा ठराविक नमुना घेऊन गिऱ्हाइकाच्या मापानें थोडा कमी-अधिक करतात. तिसरा प्रकार या आळीचा. येथें आधीं नमुनाच नसतो. तो त्या एका माणसासाठीं नव्यानें जाड कागदावर काढतात. अशा कामाला इंग्रजींत बिस्पोक म्हणतात. गिऱ्हाइकानें पसंत केलेलें कापड त्याच्या नांवानें बोलून ठेवलेलें असे, त्यावरून हा शब्द आल्याचें सांगण्यांत येतें. आपल्याकडे लग्न ठरलेल्या मुलीस वाग्दत्ता म्हणतात. त्याच न्यायानें हें वाग्दत्त कापड म्हणावयास हरकत नाहीं.

मापें घेतांना कटर नुसती फीत लावीत नाहीं. उजवा खांदा डाव्याहून किंचित् उतरलेला आहे काय, पाठीस पोंक आहे काय, माणूस सहज उभा राहतो तेव्हां पोट पुढें येतें काय, हें तो न बोलतां टिपून ठेवतो. त्यावरून कागद कापला जातो आणि गिऱ्हाइकाच्या नांवानें दुकानांत टांगून ठेवला जातो. मग सुमारें साडेतीन वार कापडावर खडूनें आंखून मोठ्या कात्रीनें बेतणी होते. शिवणीच्या आंत मुद्दाम जादा कापड सोडतात, म्हणजे पुढें अंग सुटलें तर कोट उसवून सैल करतां येतो.

यापुढें हात बदलतात. कोट एक कारागीर शिवतो, पाटलोण दुसरा. काज व अखेरचें बारीक काम तिसऱ्याकडे, इस्त्री चौथ्याकडे. कोटाच्या छातीच्या आंत घोड्याचे केस घालून विणलेलें ताठ कापड बसवितात आणि तें वरच्या लोंकरी कापडास असंख्य बारीक, तिरप्या टांक्यांनीं जोडतात. गळ्याची वळलेली पट्टी चुरगळल्यासारखी न पडतां फुलासारखी वळते, ती या टांक्यांमुळें. हे टांके बाहेरून एकही दिसत नाहींत. स्वस्त कोटांत याच जागीं चिकटविलेलें अस्तर असतें. दुकानांत दोन्ही सारखेच दिसतात, फरक पुढें कांहीं वर्षांनीं दिसूं लागतो.

पहिल्या वेळीं अंगावर घालून पाहावयाचा कोट पांढऱ्या दोऱ्यानें नुसता टांचलेला असतो. कटर त्यावर खडूच्या खुणा करतो, आणि नंतर तो सगळा उसवून पुन्हां सपाट करतात, पुन्हां कापतात, पुन्हां जोडतात. असें दोन-तीन वेळां होतें. सर्व मिळून तीन महिने किंवा अधिकही लागतात. येथील पेढ्यांनीं २००४ सालीं आपला एक संघ स्थापन केला. त्याच्या नियमाप्रमाणें एका जोडास किमान पन्नास तासांचें हातकाम पाहिजे.

आतां गणित. सोयीसाठीं किंमत ६,००० पौंड धरूं. तिच्यांत वीस टक्के विक्रीकर मिळविलेला असतो. म्हणजे १,००० पौंड सरकारचे, ५,००० दुकानाचे. उत्तम लोंकरी कापड, अस्तर, गुंड्या, दोरा यांस ५०० पौंड धरले तर राहिले ४,५००. काम साठ तासांचें मानलें तर ताशीं ७५ पौंड पडले. इंग्लंडांत एप्रिल २०२५ पासून प्रौढ कामगाराची कायदेशीर किमान मजुरी ताशीं १२.२१ पौंड झाली. त्या हिशेबानें साठ तासांचे सुमारें ७३३ पौंड होतात. कुशल कारागिराला याहून अधिक मिळावें हें उघड आहे; तरीही मोठें अंतर उरतें. त्यांतून त्या महागड्या वस्तीचें भाडें जातें, कटरचें वेतन जातें, तीन-तीन वेळां उसवण्याचा वेळ जातो, आणि शिकाऊ मुलांचा खर्च जातो. कारण कोट स्वतंत्रपणें शिवूं लागण्यास मुलाला वर्षानुवर्षें शिकावें लागतें आणि तोंपर्यंत त्याच्या हातचें काम गिऱ्हाइकास देतां येत नाहीं. उरलेला भाग मालकाच्या नफ्याचा व रस्त्याच्या नांवाचा. या शेवटच्या भागाबद्दल कोणीं नाक मुरडलें तर माझी तक्रार नाहीं.

नांवाचें हें मोल इतरांनाही ठाऊक आहे. एका शिंप्याच्या जाहिरातींतील बिस्पोक या शब्दाबद्दल तक्रार झाली असतां, यंत्रानें कापलेल्या जोडालाही तो लावण्यास हरकत नाहीं असा निर्णय तेथील जाहिरात-नियामक संस्थेनें २००८ सालीं दिला. २०१२ सालीं एक परदेशी कंपनी मुलांच्या तयार कपड्यांचें दुकान या रस्त्यावर उघडणार असें कळलें, तेव्हां चांगले कोट चढविलेल्या मंडळींनीं रस्त्यावर येऊन निदर्शनें केलीं. यांत विनोदही होता. पण भाडीं चढलीं कीं आधीं तळघरें रिकामीं होतात, तळघर गेलें कीं मुलगा शिकावयाचा कोठें, ही भीति विनोदाची नव्हती.

टिकण्याचा हिशेबही मांडला पाहिजे. सध्यांचे राजे चार्ल्स हे युवराज असतांना मे २०१८ मध्यें धाकट्या मुलाच्या लग्नांत जो कोट घालून उभे होते, तो १९८४ सालीं शिवलेला होता. चौतीस वर्षें टिकलेल्या कोटाचें वार्षिक मोल काढलें तर तो महाग म्हणतां येणार नाहीं. मात्र ही काटकसर ज्याच्याजवळ आधींच सहा हजार आहेत त्यालाच साधते.

घरीं परतल्यावर मीं बंधूंना तीन वाक्यें लिहिलीं. ही लूट नव्हे. जितके हात आणि जितके तास, त्यांच्या मानानें किंमत बहुतांशीं रास्त आहे. परंतु रास्त किंमत ही आपल्या ऐपतीची व गरजेची असतेच असें नाहीं. वर्षांतून चार वेळां घालावयाच्या कोटासाठीं ती देणें चिरंजीवांस आज योग्य नव्हे, आणि त्याला तें स्वतःच पटलें आहे. तिसरें वाक्य असें, कीं यापुढें आपल्या आळींतील मास्तरांशीं शिलाईवरून घासाघीस करूं नये. पहिल्या दोन वाक्यांबद्दल बंधूंनीं समाधान कळविलें. तिसऱ्याबद्दल चकार शब्द लिहिला नाहीं. पण दिवाळीच्या सदऱ्यांची शिलाई त्यांनीं मागितली तेवढी दिली, असें वहिनींकडून कळलें.

त्या तिसऱ्या वाक्याकडे माझ्या वाचकांनींही लक्ष द्यावें. सॅव्हिल रोचें गिऱ्हाईक होणें आपल्यापैकीं फारच थोड्यांच्या नशिबीं आहे. पण खांदा उतरता आहे हें ओळखून न बोलतां तो झांकणारा कारागीर आपल्याही गांवांत आहे, आणि त्याचीही मुलें आतां सुई हातीं धरावयास तयार नाहींत. कापड कितीही भारी घेतांना आपण कुरकुरत नाहीं. शिलाई देतांना मात्र दहा रुपयांसाठीं अडतों. कापड गिरणीचें असतें आणि शिलाई माणसाची असते. संत नामदेव ज्ञातीचे शिंपी, त्यांचे अभंग आपण घरोघरीं म्हणतों. त्यांच्या धंद्याचे तास मोजावयासही शिकलें पाहिजे.