झाड पाडायचा भाव

गोंदिया जिल्ह्यात शेतातलं सागाचं झाड तोडायचं ठरलं की लाकूडवाला घरी येतो, झाडाभोवती एक फेरी मारतो आणि शेतकऱ्याच्या हातावर पैसे ठेवतो. टोरंटोत परसातलं झाड पाडायचं ठरलं की झाडवाला येतो, तशीच फेरी मारतो आणि आपल्याकडूनच पैसे मागतो. लाकूडही तोच घेऊन जातो. अर्जुनी मोरगावकडच्या माणसाला हे पटायला वेळ लागतो. आमच्याकडे धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरचं झाड म्हणजे गाठीला ठेवलेला पैसा. मुलीचं लग्न, विहिरीचं काम, आजारपण, असं काही निघालं की त्या झाडाकडे बघायचं.

टोरंटोतल्या आमच्या घरामागे सिल्व्हर मॅपल होता. तो भराभर वाढतो, सावली दाट देतो, पण लाकूड ठिसूळ आणि मोठ्या फांद्यांची बेचकी कच्ची. बुंध्याशी कडक अळंब्या दिसू लागल्या, बेचक्यात चीर पडली, आणि खाली शेजाऱ्यांची मुलं खेळतात. मग कोटेशनं मागवली.

एकानं सांगितलं १,८०० डॉलर, रोख. दुसऱ्यानं ३,४०० लिहिले, तिसऱ्यानं ४,२००. ऑन्टारिओत यावर १३ टक्के विक्रीकर लागतो आणि कोटेशनच्या आकड्यात तो सहसा धरलेला नसतो. म्हणजे ३,४०० चे ३,८४२ होतात. रोख देणाऱ्याला कर माफ असं सांगणारा माणूस पावती देत नाही, आणि पावती नसली की पुढे काही बिघडलं तर त्यानं आपल्याकडे काम केलं हेसुद्धा दाखवता येत नाही.

आकडे एकाखाली एक मांडून सगळ्यांत लहान आकड्याला टिचकी मारणं म्हणजे तुलना असं आपण समजतो. इथे ते चालत नाही, कारण तिघांनी तीन वेगळ्या कामांचे भाव दिले होते. १,८०० वाल्यानं कार्डाच्या मागे एकच ओळ लिहिली होती: झाड काढणे. दुसऱ्यानं बुंध्यावर लाकडी हातोड्यानं ठोकून पोकळी कुठवर गेली ते पाहिलं, बाजूच्या फाटकाची रुंदी मोजली, घरात येणारी विजेची तार पाहिली. त्याच्या कागदात खुंट काढणं नव्हतं, आणि जाडे ओंडके तुकडे करून तिथेच रचून ठेवणार असं लिहिलं होतं. तिसऱ्यानं खुंट जमिनीखालपर्यंत यंत्रानं दळणं, सगळं लाकूड नेणं, अंगण झाडून देणं आणि महापालिकेच्या परवानगीचा अर्ज भरणं, सगळं धरलं होतं. दुसऱ्याला मी विचारलं, एवढं सगळं तुम्ही केलंत तर? त्यानं जोडून दिलेला आकडा तिसऱ्याच्या फार जवळ आला. तफावत झाडवाल्यांच्या हावरेपणात नव्हती, कागदावर न लिहिलेल्या कामात होती.

भाव नेमका कशानं वाढतो हे कळलं की कोटेशन वाचता येतं. झाडाची उंची ही त्यातली एक गोष्ट, तीही सगळ्यांत मोठी नव्हे. मोकळ्या शेतात उभं झाड बुंध्याशी कापून आडवं करता येतं. शहरात ते पडायला जागाच नसते. माणूस दोर लावून वर चढतो, शेंड्याकडून एकेक फांदी कापतो, दोरानं बांधून हळूहळू खाली सोडतो, आणि खाली दुसरे दोघं ती झेलतात. फाटकातून माणसाला वर नेणारी पाळण्याची गाडी आत येत असेल तर काम निम्म्या वेळात होतं. येत नसेल तर ओंडके हातानं ओढत रस्त्यापर्यंत न्यायचे. कधी घराच्या छपरावरून क्रेन फिरवावी लागते, आणि मग आकडा वेगळाच होतो. रस्त्यावरच्या जास्त दाबाच्या तारेपासून किमान ३ मीटर दूर राहण्याचा इथला नियम आहे, म्हणून तारेला लागून असलेलं झाड म्हणजे वीज कंपनीशी आधी बोलणं आलं. खुंट दळायच्या आधी जमिनीखालच्या गॅस आणि विजेच्या वाहिन्यांची खूण करून घ्यावी लागते. ही सेवा ऑन्टारिओत फुकट आहे. कोटेशनमध्ये तिचा उल्लेख आहे का, हे मी आता सगळ्यांत आधी पाहतो. तो असला म्हणजे माणसानं हे काम पूर्वी केलेलं आहे.

मेलेलं झाड स्वस्तात पडतं असं आपल्याला वाटतं. उलट आहे. एमराल्ड अॅश बोरर नावाचा हिरवा किडा २००२ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉईट भागात सापडला आणि २००७ मध्ये टोरंटोत. त्यानं इथले अॅश वृक्ष झपाट्यानं मारले. मेलेल्या अॅशचं लाकूड लवकर ठिसूळ होतं. चढणाऱ्याच्या वजनानं फांदी कधी मोडेल सांगता येत नाही, म्हणून शहाणे चढणारे अशा झाडावर दोर टाकायला नकार देतात. ज्यांनी पुढच्या वर्षी बघू म्हणत काम ढकललं, त्यांना पुढे यंत्र आणावं लागलं आणि पैसे जास्त मोजावे लागले.

काम कधी करायचं यावरही भाव ठरतो. डिसेंबर ते मार्च झाडांवर पानं नसतात, जमीन गोठलेली असल्यानं यंत्रामुळे अंगणाची नासधूस होत नाही आणि झाडवाल्यांकडे काम कमी असतं. त्या काळात भाव उतरतो. एप्रिलपासून पक्ष्यांची घरटी लागतात, आणि स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांचं घरटं मोडणं कॅनडात १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. सगळ्यांत वाईट वेळ म्हणजे वादळानंतरचा आठवडा. २०१३ च्या डिसेंबरमध्ये, २१ आणि २२ तारखेला, टोरंटोवर बर्फाळ पाऊस पडला. फांद्यांवर बर्फाचा थर चढला, त्या ओझ्यानं मोडल्या आणि तारा घेऊन खाली आल्या. सुमारे ३ लाख ग्राहक अंधारात गेले. अशा वेळी दारोदार फिरणारे करवतवाले येतात. घाबरलेल्या माणसाकडून आजच सही हवी असते त्यांना. लटकलेली फांदी तेवढी उतरवून घ्यावी, उरलेल्या झाडाचा विचार दोन आठवड्यांनी करावा, असं मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो. दारात येऊन केलेला करार लेखी प्रत हातात पडल्यापासून १० दिवसांत कारण न देता रद्द करता येतो, हे ऑन्टारिओच्या ग्राहक कायद्यात आहे. त्याच कायद्यात असंही आहे की लेखी अंदाज दिला असेल तर अंतिम बिल त्याच्या १० टक्क्यांहून वर नेता येत नाही, आपण नव्या कामाला होकार दिला असेल तर गोष्ट वेगळी. आपली माणसं नव्यानं आलेली असतात, भाषेनं बिचकतात, आणि हे कुणी सांगत नाही म्हणून पैसे देऊन मोकळी होतात.

परवानगीचं प्रकरण मात्र मला अगदी घरचं वाटलं. टोरंटोत जमिनीपासून १.४ मीटर उंचीवर खोडाचा व्यास ३० सेंटिमीटर किंवा जास्त असेल तर स्वतःच्या अंगणातलं झाडसुद्धा परवान्याशिवाय तोडता येत नाही. दंड एका झाडामागे १ लाख डॉलरपर्यंत जाऊ शकतो. आमच्याकडे व्यासाऐवजी गोलाई मोजतात, छातीच्या उंचीला फीत गुंडाळून. त्या हिशेबानं इथली मर्यादा साधारण ९४ सेंटिमीटर गोलाईची. आणि धुऱ्यावरच्या झाडाचं भांडण? तेही इथे आहे. ऑन्टारिओच्या वन कायद्यानुसार हद्दीवर वाढलेलं झाड दोन्ही शेजाऱ्यांच्या समाईक मालकीचं, आणि एकाच्या संमतीवाचून दुसऱ्यानं त्याला इजा करणं हा गुन्हा. २०१३ मध्ये टोरंटोतल्याच दोन शेजाऱ्यांचा एका नॉर्वे मॅपलवरून वाद न्यायालयात गेला. रोप कुणी लावलं, मूळ कुणाकडे, हे बाजूला ठेवून न्यायालयानं खोड हद्द ओलांडतं की नाही एवढंच धरलं. माझ्या लहानपणी मोहाच्या एका झाडावरून दोन भाऊबंद वर्षानुवर्षं बोलत नव्हते. त्यांच्यातला वाद तोडण्याचा नव्हता, मोहफुलं कुणी वेचायची याचा होता. मोह सहसा कुणी तोडत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला तो दरवर्षी पैसे देतो.

१,८०० वाल्याकडे पुन्हा येतो, कारण खरा प्रश्न तिथे आहे. ऑन्टारिओत झाड कापण्याचा धंदा करायला प्रमाणपत्र सक्तीचं नाही. करवत आणि गाडी असलेला कोणीही झाडवाला होऊ शकतो. त्याच्याकडे नुकसानभरपाईचा विमा नव्हता, वर चढणाऱ्या मुलाचा कामगार विमाही नव्हता. तो मुलगा गाडीत बसून होता, विशीतला, हातमोजे फाटलेले. स्वस्त कोटेशनमधून काय वगळलं होतं ते गाडीत बसलं होतं. तो पडला असता तर उपचार, बुडालेली मजुरी, त्याचं पुढचं आयुष्य, हे कुणाच्याच कागदावर नव्हतं. मी तिसऱ्याला काम दिलं. विम्याचा कागद मागितला तेव्हा तो रागावला नाही. कामगार विमा मंडळाचं प्रमाणपत्र संगणकावर फुकट पडताळता येतं, तेही त्यानंच दाखवलं.

माझ्या जिल्ह्यात झाडावर चढणारी माणसं मी पाहिली आहेत. अनवाणी, कमरेला दोर, हातात कुऱ्हाड, आता कुठे कुठे मशीनची करवत. त्यांच्यासारखं झाड ओळखणारा माणूस मला टोरंटोत भेटला नाही. कोणती फांदी कुठे पडेल हे ते खालूनच सांगतात. पण मजुरी ठरते ती दिवसाची, जीव त्यात धरलेला नसतो. पडून कंबर मोडलेल्या माणसाला ठेकेदार पहिल्या दिवशी दवाखान्यात नेतो, पुढचं घरच्यांनी बघायचं. तोडणीचा खर्च आमच्याकडे इतका कमी दिसतो तो यामुळेही.

तिकडची तुलना उलट्या दिशेची, तिथे जास्तीत जास्त देणारा शोधायचा असतो. आणि तिथे शेतकरी फसतो तो मापात. लाकूडवाला उभ्या झाडाचा उक्ता भाव सांगतो, नजरेनं. गोल लाकडाचं माप काढायची जुनी रीत अशी: गोलाईचा चौथा हिस्सा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, लांबीनं गुणायचं. ४ फूट गोलाई आणि १० फूट लांबीचा ओंडका या रीतीनं १० घनफूट भरतो. प्रत्यक्षात त्यात पावणेतेरा घनफुटांच्या आसपास लाकूड असतं. साल आणि आरा मशीनवरची घट यांच्या नावानं ही सूट खरेदीदाराला आधीच मिळालेली असते. त्यावर पुन्हा ‘घट धरावी लागेल’ म्हणून भाव पाडला जातो तेव्हा शेतकऱ्यानं हा हिशेब समोर ठेवला पाहिजे. वन खात्याच्या आगारांत लाकडाचे जाहीर लिलाव होतात. तिथे सागाला कोणत्या गोलाईला काय भाव गेला हे बघून आलेल्या माणसाला गंडवणं सोपं नसतं.

शेतकरी असा फसतो हे सरकारला ठाऊक होतं. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानं साग, मोह, आंबा, चिंच, ऐन, बिजा अशी झाडं मालकीच्या जमिनीवर असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. आदिवासी खातेदारांसाठी १९६९ मध्ये वेगळा कायदा झाला, कारण ठेकेदार सोन्यासारखा साग कवडीमोलानं उचलत होते. त्या कायद्यामुळे देवरी किंवा सालेकसा तालुक्यातल्या आदिवासी शेतकऱ्याला झाड खासगी व्यापाऱ्याला परस्पर विकता येत नाही, विक्री सरकारमार्फत होते. बिगरआदिवासी शेतकऱ्याला मात्र सातबारा, हद्द मोजणी, झाडांवरच्या खुणा, वाहतूक परवाना हे सगळं स्वतः करावं लागतं. त्या कटकटीला कंटाळून तो पूर्ण ‘मालकी प्रकरण’ लाकूडवाल्याच्या हवाली करतो, आणि कागदांच्या धावपळीचे पैसे झाडाच्या किमतीतून किती कापले गेले ते त्याला कधी कळत नाही. तिथेही भांडण आकड्याचं कमी आणि न लिहिलेल्या गोष्टींचं जास्त आहे.

यंदा धान कापून झाल्यावर काकाजींचा फोन आला. धुऱ्यावरचे साग विकायचे आहेत, एकानं उक्ता भाव सांगितला आहे, घेऊ का? मी म्हटलं, घेऊ नका अजून. चुलतभावाला फीत घेऊन पाठवा, प्रत्येक झाडाची गोलाई आणि सरळ खोडाची उंची वहीत लिहून काढा, आणि ती वही घेऊन आणखी दोघांकडे जा. प्रत्येकाला कागदावर लिहायला सांगा की परवानगी कोण आणेल, तोडणी आणि वाहतूक कुणाच्या खर्चानं, फाटे आणि सरपण कुणाचं, पैसे तोडणीआधी किती. आणि चढणाऱ्याला काही झालं तर कोण बघेल, हेही. काकाजी शेवटच्या मुद्द्यावर थांबले. म्हणाले, असं कोणी विचारत नाही रे. मी म्हटलं, तुम्ही विचारा.

वही तयार झाली आहे. एका लाकूडवाल्यानं ती पाहून पहिला भाव स्वतःहून वाढवला. दुसऱ्यानं मजुरांचा अपघात विमा काढतो असं लिहून द्यायची तयारी दाखवली, त्याचा भाव थोडा कमी आहे. काकाजींचा कल त्याच्याकडे आहे. परवानगीचा अर्ज दिला आहे.