मागे फिरण्याची वेळ

दसऱ्याची गर्दी ओसरली होती. जंबो सवारी बघायला आलेले पाहुणे आपापल्या गावी गेले, घर शांत झाले आणि एका संध्याकाळी चहा पिता पिता हे म्हणाले, "अगं, येझदीवरून उटीला जाऊन येऊ या का?"

मी निवडत असलेली मेथी तशीच खाली ठेवली. लग्न होऊन म्हैसूरला आले त्याला पस्तीसहून जास्त वर्षे झाली. उटी इथून दीडशे-एकशेसाठ किलोमीटर. बसने, मोटारीने कितीदा तरी गेलो. पण दुचाकीवरून घाट चढायचा म्हटले की माझ्या पोटात गोळा येतो. ह्यांना ते ठाऊक आहे. म्हणून तर इतक्या वर्षांत त्यांनी कधी विचारले नव्हते.

गाडी १९९० सालची. तेव्हा हे यादवगिरीच्या आयडियल जावा कारखान्यात जुळणीच्या कामावर होते. १९६१ मध्ये सुरू झालेला तो कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. ह्यांनी दुसरी नोकरी धरली. मुलीचे शिक्षण, घराचे हप्ते ह्या धावपळीत गाडी मागच्या पडवीत ताडपत्रीखाली गेली. पुढे २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी ही नावे नव्या गाड्यांवर परत आली, तेव्हा गल्लीतली तरुण मुले आमची जुनी गाडी बघायला येऊ लागली. निवृत्त झाल्यावर ह्यांनी तिचा एकेक भाग सुटा करून, धुऊन-पुसून पुन्हा बसवला. "किती गाड्या ह्या हातांनी जोडल्या, पण एकदाही डोंगरावर नेली नाही," असे म्हणाले, तेव्हा मला नाही म्हणवेना. हो म्हणायचेही धाडस होईना.

त्याचे कारण माझा दादा.

१९८९ ची गोष्ट. लग्नानंतर नागपंचमीला मी बेळगावला माहेरी गेले होते. दादा सावंतवाडीला नोकरीला होता. वहिनी आणि आठ महिन्यांचे बाळ बेळगावातच आईजवळ होते. मी त्याला आधीच पत्र टाकले होते, "पंचमीला यायचंच. पाऊस आहे ही सबब चालणार नाही." त्या दिवशी आंबोलीच्या घाटात धो धो पाऊस आणि धुके. संध्याकाळी तो स्कूटरवरून निघाला, आणि घरी पोचला नाही. मी भावासाठी धरलेला उपास तसाच राहिला. माझे ते पत्र त्याच्या सामानातून वहिनीच्या हाती आलेच असेल. तिने कधी विषय काढला नाही. मीही नाही.

ते आठ महिन्यांचे बाळ आता कॅनडात कॅलगरीला असते. दर रविवारी आत्याला फोन करण्याचा त्याचा नेम आहे. उटीचा विषय निघाला त्या आठवड्यात मी त्याला सहज म्हटले, "तुझ्या काकांना म्हातारपणी हुक्की आली आहे." तर तो हसून म्हणाला, "आत्या, मीसुद्धा सध्या हेच करतोय!" त्याने आणि त्याच्या मित्रांनी जानेवारीत रेव्हलस्टोक नावाच्या डोंगराळ भागात स्नोमोबाईल चालवायला जायचे ठरवले होते. पुढे दोन पट्ट्या आणि मागे फिरणारा रुंद रबरी पट्टा असलेली ही बर्फावरची मोटारसायकल. सपाट मैदानावर त्याने ती चालवली होती, डोंगरावर कधीच नाही.

माझ्या छातीत धस्स झाले. बापाच्या वाटेने पोरगाही! पण तो तयारीबद्दल सांगू लागला तसतशी मी ऐकतच राहिले.

ओळख नसलेल्या डोंगरात जाण्याआधी ते लोक दोन दिवसांचा वर्ग करतात. बर्फाचे कडे कसे सुटतात, कोणत्या उतारावर धोका जास्त, हे शिकतात. हिवाळ्यात तिथे हिमस्खलनाच्या धोक्याची सूचना रोज प्रसिद्ध होते, ती वाचल्याशिवाय कोणी निघत नाही. प्रत्येकाच्या अंगावर संदेश देणारे छोटे यंत्र, पाठीवर फावडे आणि बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी. धोक्याच्या उतारावर एका वेळी एकानेच जायचे, बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून बघायचे. "कारण आत्या, बर्फाखाली गेलेल्या माणसाला बाहेरची मदत येईपर्यंत वेळ नसतो. सोबतच्यांनीच काढायचं."

"आणि सगळ्यात महत्त्वाचं सांगू?" तो म्हणाला. "परत कधी फिरायचं ते निघण्याआधी घरी बसून ठरवायचं. एवढ्या वाजेपर्यंत इथे पोचलो नाही तर मागे. आणि आमच्यातल्या एकानेही 'नको' म्हटलं तरी सगळे मागे. तिथे वाद घालायचा नाही. डोंगरात उभं राहून घेतलेला निर्णय हावरा असतो."

फोन ठेवल्यावर मी दोनशे पानी वही काढली आणि ह्यांना म्हटले, "येते मी. पण आधी सगळं ह्यात लिहायचं."

पुढचा महिना-दीड महिना आमच्या घरात ती वही स्वयंपाकघरातून पडवीत आणि पडवीतून स्वयंपाकघरात फिरत होती. ह्यांना कोणाला काही विचारायचे म्हणजे कमीपणा वाटतो. यंत्रातले सगळे कळते, मग रस्त्यातले काय कळायचे! मी मात्र सरळ शेजारी गेले. तिथे राहणाऱ्या निवृत्त बसचालकांना सारी गल्ली ड्रायव्हरअण्णा म्हणते. त्या घाटात त्यांची उभी हयात गेली. ह्यांच्या मनात मसिनगुडीवरून कल्हट्टीच्या घाटाने जायचे होते. अंतर कमी आणि छत्तीस वळणे, त्याची मौज. अण्णांनी हातच जोडले.

"तो घाट अंगावर येतो. वर चढताना इंजीन दमतं, आणि खाली उतरताना ब्रेक तापतात. बाहेरच्या गाड्यांना तो उतार बंदच केला आहे. तुम्ही गुडलूरवरून जा. तीसएक किलोमीटर जास्त पडतील, पडू देत."

इथे ह्यांनी प्रथमच मान डोलावली. टू-स्ट्रोक गाडीला उतारावर इंजिनाचा आवर फारसा नसतो, सगळा भार ब्रेकवर येतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार! मग त्यांनी मला उंचीचा हिशेब समजावला. म्हैसूर समुद्रसपाटीपासून साधारण पावणेआठशे मीटरवर, उटी २२४० मीटरवर. वर हवा विरळ होते. इंजिनाला प्राणवायू कमी आणि पेट्रोल तेवढेच. मग प्लग काळा पडतो, धूर वाढतो आणि दर हजार मीटरला ढोबळमानाने दहा टक्के जोर कमी होतो. भाच्याच्या त्या बर्फातल्या यंत्रालाही हेच दुखणे असते म्हणे. काका-भाचे त्यावर अर्धा तास फोनवर बोलत बसले.

वहीची पाने भरत गेली. जोडीचे दोन प्लग, प्लगपाना, क्लचची आणि अॅक्सिलरेटरची तार, मागच्या चाकाची नवी ट्यूब, पेट्रोलमध्ये मिसळायचे ऑईल आणि त्याचे माप. ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, त्यांच्या एका खिशात आणि माझ्या पर्समध्येही. प्लास्टिकच्या बाटल्या नीलगिरीत चालत नाहीत म्हणून स्टीलची बाटली. मे २०२४ पासून तिथे बाहेरच्या वाहनांना ई-पास लागतो, तो पुण्याहून मुलीने काढून दिला. बंडीपूरच्या जंगलातला रस्ता रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो, आणि दिवसाही वाटेत थांबायचे नाही, उतरायचे नाही, हत्ती दिसला तर फोटोच्या मोहात पडायचे नाही. जंगलात फोन लागेलच असे नाही, म्हणून मुलीला फोन करायची ठिकाणे ठरवली. गुंडलुपेट, बंडीपूर, गुडलूर, उटी. दोन ठिकाणांच्या मध्ये किती वेळ गेला तर तिने काळजी करायची, तेही लिहिले.

महिन्याचा विचार झाला. नीलगिरीला दोन्ही पावसाळे भिजवतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दुपार कलली की ढग येतात, असे अण्णा म्हणाले. म्हणून डिसेंबर. शनिवार-रविवारी गर्दी, म्हणून मंगळवार.

शेवटच्या पानावर मी मोठ्या अक्षरात लिहिले : बंडीपूरच्या अलीकडच्या वनखात्याच्या नाक्यावर सकाळी साडेअकराच्या आत. नाहीतर मागे.

"साडेअकरा फारच कडक झालं," हे म्हणाले. मी हिशेब मांडला. नाक्यापासून उटी पंचाऐंशी किलोमीटर. आपल्या गाडीला आणि आपल्या पाठीला चार तास धरा. घाटात एकदा बिघाड झाला तर त्याचे दोन तास. तरी उजेड शिल्लक पाहिजे. ह्यांनी पेन घेतले आणि त्याखाली सही केली.

मंगळवारी पहाटे सहाला निघालो. थंडी छान होती. नंजनगूडला उजाडले. लांबून श्रीकंठेश्वराला हात जोडले. भीती होतीच, पण ह्यांच्या पाठीला टेकून बसल्यावर हळूहळू मला गाडीचा तो जुना टकटक आवाज आवडायला लागला. लग्नानंतरची पहिली वर्षे आठवली. गुंडलुपेटच्या अलीकडे मागचे चाक बसले. नवी ट्यूब होती, पण चाक खोलताना जुना बोल्ट हटून बसला. गावातल्या पंक्चरवाल्याने बराच खटाटोप केला. गाडी निघाली, तर थोड्या वेळात प्लग काळा पडला. तो बदलला. नाक्यावर आलो तेव्हा घड्याळात अकरा पन्नास झाले होते.

फक्त वीस मिनिटे!

आकाश निरभ्र होते. समोर नीलगिरीची निळी भिंत इतकी स्वच्छ दिसत होती की हात लावावा. पाऊस नाही, धुके नाही. गाडी आता मस्त चालत होती. इतकी तयारी केलेली, खोलीचे पैसे भरलेले, धपाटे आणि शेंगांची चटणी उटीच्या तळ्याकाठी खायची म्हणून डब्यात तशीच. ह्यांनी गाडी कडेला घेतली आणि हेल्मेट काढले.

मीच म्हटले, "अहो, वीस मिनिटांनी काय होतंय? ऊन तर आहे. जाऊ या ना!"

हे काही बोलले नाहीत. पिशवीतून वही काढून त्यांनी शेवटचे पान माझ्यापुढे धरले. खाली त्यांची सही होती. मग म्हणाले, "पुढच्या महिन्यात येऊ. डोंगर कुठे जातोय?"

त्यांनी गाडी वळवली. माझे डोळे भरून आले होते, पण ते उटी हुकली म्हणून नव्हे. 'जाऊ या ना' हे शब्द माझेच होते. छत्तीस वर्षांपूर्वी पत्रात लिहिले तेही असेच, प्रेमाने, हट्टाने. धोका सांगणारे लोक आपण शोधतो. आग्रह करणारा माणूस मात्र आपल्याच घरचा असतो, आणि त्याच्या आग्रहापुढे नाही म्हणणे घाटापेक्षा अवघड. दादाला त्या संध्याकाळी कोणीतरी 'नको येऊस, पंचमी पुढल्या वर्षीही येईल' एवढे कळवायला हवे होते. ते कळवण्याची जागा माझीच होती.

गुंडलुपेटला एका झाडाखाली बसून आम्ही धपाटे खाल्ले. मुलीला फोन केला, "उटी राहिली. परत येतोय." ती म्हणाली, "वा! म्हणजे वही खरीच होती तर!"

त्या रविवारी भाच्याचा फोन आला तेव्हा मी त्याला ते पत्र सांगितले. इतकी वर्षे गिळून ठेवलेले सगळे सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आत्या, ते पत्र आईने मला दाखवलंय. कॉलेजात होतो तेव्हा. आई म्हणाली होती, बघ, तुझ्या बाबांवर किती जीव होता सगळ्यांचा."

मला बोलता येईना. त्यानेच मग विषय बदलून काकांना फोन द्यायला सांगितला.

जानेवारीत तो रेव्हलस्टोकला गेला. दुसऱ्या दिवशी धोक्याची पातळी वाढल्याची सूचना आली, तर सगळे मित्र दिवसभर हॉटेलात पत्ते खेळत बसले. तसा फोटो त्याने मुद्दाम आत्याला पाठवला. फेब्रुवारीतल्या एका बुधवारी आम्हीही उटीला पोचलो. नाक्यावर अकराला पाच कमी होते. थंडीने हात आखडले, चढावर गाडी कुरकुरली, पण तळ्याकाठी धपाटे खाल्ले.

ती वही अजून फडताळात आहे. आता सणावाराला कोणाला बोलावताना मी एक वाक्य जास्त बोलते, "या नक्की. पण पाऊस-पाणी, उशीर, काहीही वाटलं तर मागे फिरा. आम्ही ताट झाकून ठेवू."