कोजागरीचा चित्रपट

आमच्याकडे कोजागरीला दूध आटेपर्यंत जागरण करण्याची रीत आहे. पूर्वी भेंड्या आणि पत्ते असत; अलीकडे जावयाने दिलेला मोठा टीव्ही असतो. २०२४ च्या कोजागरीला घरात एक वेगळाच पेच पडला. त्याच महिन्याच्या आरंभी ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका सोनी लिव्हवर आली होती आणि तरुण मंडळींना ती पाहायची होती. आपल्याच गावाची गोष्ट, तीही आशुतोष गोवारीकर आणि सोनाली कुलकर्णी यांच्यासारख्या कलावंतांनी सादर केलेली. उत्सुकता असणे स्वाभाविक होते. परंतु माझ्या सासूबाईंनी, वय वर्षे ८४, स्पष्ट नकार दिला. “मी ते एकदा पाहिलंय. पुन्हा पैसे देऊन कशाला पाहू?” एवढेच त्या म्हणाल्या.

माझ्या वयाच्या वाचकांना ते प्रकरण ऐकून ठाऊक असेल, त्याहून वडील असलेल्यांना आठवत असेल. १९७२ च्या दुष्काळात मानवतमध्ये बायका आणि लहान मुली यांचे खून होऊ लागले आणि १९७४ पर्यंत ते सत्र चालले. मुंबईहून रमाकांत कुलकर्णी यांना तपासासाठी पाठवावे लागले. मालिका त्यांच्याच पुस्तकावर आधारलेली आहे. गुप्तधन आणि अपत्यप्राप्ती यांच्या लालसेने, पिंपळावरच्या मुंजाला कुमारिकांचे रक्त देण्यासाठी हे घडले, असे खटल्यात पुढे आले. मी या गावात सून म्हणून १९९५ साली आले, तेव्हाही परगावी ‘मानवत’ म्हटले की समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरची रेषा बदलत असे. सासूबाईंनी त्या दोन वर्षांत आपल्या मुलींना अंगणाबाहेर एकटे जाऊ दिले नव्हते. त्यांच्या नकाराचा मान राखला गेला.

तडजोड म्हणून ‘लपाछपी’ लावला. विशाल फुरिया यांचा २०१७ चा हा मराठी भयपट. हिंदीत २०२१ साली तो ‘छोरी’ या नावाने पुन्हा आला. आठ महिन्यांची गर्भवती तरुणी (पूजा सावंत) शहरातून उसाच्या फडांनी वेढलेल्या एका एकाकी घरात येते, तिथे एक वयस्क बाई (उषा नाईक) असते, आणि मग उसातून मुलांचे आवाज येऊ लागतात. स्वप्नात दिशा हरवावी तशी ती बाई उसात धावत राहते. चित्रपटाच्या मुळाशी आहे ती ‘मुलगी नको’ ही वृत्ती. याहून अधिक सांगत नाही. न पाहिलेल्यांचा विरस नको.

प्रेक्षक आम्ही नऊ जण होतो आणि मते किमान अकरा. पुण्याहून आलेली भाची आपल्या पिशवीत भोपळ्याचे नारिंगी मुखवटे घेऊन आली होती. तिच्या सोसायटीत हॅलोवीन साजरा होतो आणि त्या वर्षी ३१ ऑक्टोबर आणि नरकचतुर्दशी एकाच दिवशी आल्याचे तिला फार कौतुक होते. तिचे मत असे की, भुते पुरेशी भीतिदायक नाहीत. शेजारचे निवृत्त गुरुजी रागावले होते. २०१३ मध्ये राज्याने जादूटोण्याविरुद्ध कायदा केला, त्यासाठी माणसांनी आयुष्ये वेचली, आणि आपण पुन्हा पडद्यावर भुते नाचवतो, हे त्यांना पटेना. त्यांच्या पत्नीने शांतपणे विचारले, “यात भुतानं कुणाला मारलं, ते सांगा बरं. मारलं ते माणसांनीच ना?” गुरुजी दुधाकडे वळले. सासूबाई म्हणाल्या, “भूत बिनकामाचं. ती म्हातारी मात्र खरी. अशी मी पाहिलीय.” मला त्या रात्रीचे हेच परीक्षण सर्वांत अचूक वाटले.

आणि मी? मी वैद्यकीय व्यवसायातली. मला चित्रपट नीट पाहताच येत नाही. पडद्यावरची आठ महिन्यांची बाई घामाघूम होऊन धावत होती, तिला नाही नाही ते दिसत होते, आणि मी मनात म्हणत होते, हिचा रक्तदाब कुणीतरी मोजा. हे मी मोठ्यानेही म्हणाले. सगळे हसले. एक व्यक्ती हसली नाही. ती सासूबाईंच्या पायाशी बसलेली, त्यांची देखभाल करणारी मावशी.

मावशींविषयी सांगायला हवे. त्या पन्नाशीच्या आतबाहेर, चौथीपर्यंत शिकलेल्या, जवळच्या खेड्यातून रोज येणाऱ्या. सासूबाईंच्या उशाशी असलेले रक्तदाबाचे यंत्र त्या गेली चार वर्षे सकाळ-संध्याकाळ लावतात आणि वहीत आकडे लिहितात. वरचा आकडा, खालचा आकडा, वेळ. आपल्यापैकी अनेकांच्या घरी असे यंत्र असेल, आणि ते लावणारे असे कुणीतरीही असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंचा दाब १२८/८० भरला. भयपटाने त्यांचे काहीही बिघडले नव्हते. वही मिटून मावशी तिथेच उभ्या राहिल्या. “बाई, एक विचारू का? आजींचं मशीन दुसऱ्याला लावलं तर चालतंय का?”

“कुणाला?”

“नात हाय माझी. सातवा लागलाय. डोकं ठणकायलंय म्हणती चार दिस झाले. डोळ्याम्होरं काजवे चमकत्यात म्हणती. घरचे म्हणायलेत, तिन्हीसांजेला वड्याकडं गेली व्हती, तिथं भ्याली.”

नात सोळा वर्षांची होती. माघात लग्न झाले होते. दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर टोळीत ऊसतोडीला जायचे ठरले होते, मुकादमाकडून उचल घेऊन झाली होती. ज्यांना ही व्यवस्था ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि उचल कोयत्यावर मिळते. एकट्या पोराला उचल कमी, म्हणून लग्न. शिवाय मजूर आई-बाप सहा महिने फडावर गेले की वयात आलेल्या मुलीला मागे कुणाच्या भरवशावर ठेवायचे, हाही प्रश्न असतोच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आमच्या परभणी जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ४८ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. राज्याचे प्रमाण सुमारे २२ होते. हे आकडे मी भाषणांतून उद्धृत केलेले आहेत. माझ्याच घरात रोज येणाऱ्या बाईच्या नातीचे लग्न मला कळले नव्हते, किंवा खरे सांगायचे तर, मावशींनी माघात चार दिवसांची रजा मागितली तेव्हा मी कारण विचारले नव्हते.

इथे मला एक जुनी गोष्ट सांगितलीच पाहिजे. ती मी आजवर लिहिलेली नाही. १९९७ साली, माझ्या दवाखान्याला दोन वर्षे झाली असताना, अशीच एक सतरा वर्षांची मुलगी सासूबरोबर आली होती. डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा थोडा सुजलेला. सासू म्हणाली, पिंपळाखाली घाबरली आहे. बाहेर पंचवीस रुग्ण खोळंबले होते. मी तिला अशक्तपणावरचे इंजेक्शन दिले, विश्रांती घ्यायला सांगितले आणि पिंपळाच्या गोष्टीवर सासूला दोन शब्द सुनावले. रक्तदाबाचे यंत्र टेबलावर, माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होते. तिसऱ्या रात्री तिला झटके आले. घरच्यांनी ‘अंगात आले’ असे समजून देवऋषी बोलावला. पहाटे जीपमधून परभणीला नेताना ती गेली. त्या सासूने मला कधी दोष दिला नाही. तिच्या मते पिंपळाने नेले. अंधश्रद्धेवर मी तिला सुनावले होते, पण दाब मोजणे हे माझे काम होते आणि ते मी केले नव्हते.

वाचकहो, या आजाराचे लोकांत रुळलेले मराठी नाव नाही, आणि कदाचित म्हणूनच त्याला भूत म्हणणे सोपे जाते. इंग्रजीत त्याला प्री-एक्लॅम्पसिया म्हणतात. गर्भारपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर जातो, बहुधा लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. पहिलटकरणीत आणि फार कोवळ्या वयातील मातांत तो अधिक आढळतो. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणारे ठिपके किंवा धूसर दिसणे, चेहरा आणि हात सुजणे, बरगड्यांखाली उजवीकडे किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणे, लघवी कमी होणे ही त्याची लक्षणे. पायांवर थोडी सूज बहुतेक गर्भवतींना येते, ती निराळी. हा दाब मेंदूपर्यंत पोहोचला की झटके येतात: डोळे फिरतात, दातखीळ बसते, अंग ताठ होऊन झडझडते, तोंडाला फेस येतो, आणि नंतर ती मुलगी काही काळ ओळख विसरल्यासारखी, भलतेच बोलू शकते. आपण पडद्यावर झपाटलेली बाई पाहतो ती हुबेहूब अशीच असते. प्रेक्षक तिला झपाटलेली म्हणतात यात नवल नाही. घरचेही तेच म्हणतात, आणि मधले दोन तास हातचे जातात.

असे झटके आले तर तिला डाव्या कुशीवर वळवावे, तोंडात चमचा, पाणी, बोट काहीही घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, आणि १०८ ला फोन करावा. मॅग्नेशियम सल्फेट नावाचे जुने, स्वस्त औषध हे झटके रोखते; ते रुग्णालयातच द्यावयाचे असते. म्हणून पोहोचणे महत्त्वाचे.

मी मावशींना यंत्र घेऊन रिक्षानेच पाठवले. कसे मोजायचे ते त्यांना मला शिकवावे लागले नाही. पाच मिनिटे बसवून, पाठ टेकवून, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून, बोलू न देता. अर्ध्या तासाने फोन आला. “बाई, वरचा एकशे चौसष्ट. खालचा एकशे सहा. दोनदा घेतला.” त्यांचा आवाज अगदी सपाट होता. आकडे काय सांगतात हे त्यांना माझ्याइतकेच कळत होते.

घरात विरोध झाला. अमावस्या उलटू द्या, उतारा करू, मग बघू, असे मुलीची आजेसासू म्हणाली. मी गेले तोवर मावशींनी मुलीला रिक्षात बसवले होते. आजेसासूला त्यांनी काय सांगितले ते मला पुढे कळले: “तुमचा उतारा मी मागून करते, आधी पोर जाऊ द्या.” अशा प्रसंगी वाद जिंकण्याची गरज नसते, हे या बाईला माझ्याआधी समजले होते. ग्रामीण रुग्णालयात पहिले इंजेक्शन मिळाले आणि तिथून रुग्णवाहिकेने परभणी.

आता कठीण भाग. मुलगी अठराच्या आतील असल्याने, लग्न झालेले असले तरी, पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने पत्नीचे वय अठराच्या आत असल्यास तिच्याशी संबंध हा बलात्कारच ठरतो, असा निर्णय दिलेला आहे. मी मावशींना हे परभणीच्या वाटेवर, रुग्णवाहिकेतच सांगितले. लपवले असते तर सोपे गेले असते. त्यांनी विचारले, “म्हंजी जावयाला धरतील?” मी म्हटले, शक्य आहे. “आन् लगीन आम्ही लावलं, आम्हाला?” मी म्हटले, तेही शक्य आहे. त्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “ल्हाव. पर आधी सुई देतील ना?” हो, आधी उपचार, कागदपत्रांसाठी ते अडवता येत नाहीत, हेही त्याच कायद्याच्या नियमांत आहे. अनेक कुटुंबे पोलिसांच्या भीतीने अशा मुलीला रुग्णालयात आणतच नाहीत आणि घरीच ठेवतात. या भीतीचे काय करावे, याचे समाधानकारक उत्तर माझ्याजवळ नाही. लग्नाआधी १०९८ वर किंवा ग्रामसेवकाकडे गेलेला एक फोन या सगळ्याहून सोपा असतो, इतके मात्र मी पाहिले आहे.

अडीच आठवड्यांनी शस्त्रक्रियेने बाळ झाले, मुलगी, वजन दीड किलोच्या आसपास. नवजात कक्षात तिने महिना काढला आणि घरी आली. आईचा दाब बाळंतपणानंतरही सहा आठवडे मोजत राहावा लागला. झटक्यांचा धोका प्रसूतीने लगेच संपत नाही, हे बाळंतिणीची सेवा करणाऱ्या आजींनी ध्यानात ठेवावे. ऊसतोडीला ती गेली नाही. उचल फेडायची राहिली आहे. मुकादम दोनदा येऊन गेला.

मावशी महिनाभर आमच्याकडे आल्या नाहीत. गावात त्यांच्या घरच्यांनी माझ्याविषयी जे म्हणायचे ते म्हटले. सासूबाई रोज विचारत, आणि मी लावलेल्या यंत्रावरचा आकडा त्यांना खरा वाटत नसे. मग एका सकाळी मावशी आल्या, चपला काढल्या, वही उघडली आणि मधल्या दिवसांच्या माझ्या अक्षरातल्या नोंदी पाहून म्हणाल्या, “वेळ ल्ह्यायला इसरलाव तुम्ही.”

खटला परभणीच्या न्यायालयात आहे आणि मला साक्षीचे बोलावणे आले आहे. मावशींनी परवा विचारले, “तुम्ही काय सांगणार बाई?” मी म्हटले, जे झाले ते. त्यांनी सासूबाईंच्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि बटण दाबले. यंत्र मोजत असताना बोलायचे नाही, हा त्यांचाच नियम; आम्ही तिघीही गप्प राहिलो. पुढची तारीख अजून मिळालेली नाही.