दान्यूबकाठचा किल्ला आणि आपले गुडघे

युरोपच्या सहलीत बुडापेस्ट आले, की अनेक ज्येष्ठ म्हणतात, "तुम्ही जाऊन या, मी बसमध्येच बसतो." दान्यूब नदीकाठच्या टेकडीवरील बुडा किल्ला असा दुरूनच पाहून परतू नका.

मंगोल आक्रमणानंतर १३व्या शतकात राजा चौथा बेला याने येथे तटबंदी उभारली. दुसऱ्या महायुद्धात राजवाडा उद्ध्वस्त झाला. पुन्हा उभारलेल्या वास्तूत आज हंगेरीचे राष्ट्रीय कलादालन आणि बुडापेस्ट इतिहास संग्रहालय आहे.

वर जाण्यासाठी १८७० साली सुरू झालेली फ्युनिक्युलर आहे, आपल्या सप्तशृंग गडावर आहे तशी. १६ क्रमांकाची बसही टेकडीवर जाते. उतरतानाही वाहनच घ्यावे. उतारावर गुडघ्यांवर अधिक ताण येतो.

दोन्ही संग्रहालयांचा हट्ट नको, एकच निवडावे. इतिहास संग्रहालयातील मध्ययुगीन राजवाड्याचे अवशेष खालच्या पातळीवर आहेत, म्हणून लिफ्टची चौकशी आधीच करावी. चित्रांची आवड असल्यास कलादालनात मुंकाचीची चित्रे निवांत पाहावीत.

स्वच्छतागृहाच्या धास्तीने पाणी पिणे बंद करू नका. त्याने चक्कर येऊ शकते. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर प्रवासातील तिची वेळ निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून ठरवून घ्या, स्वतःहून टाळू नका.

सोबत असणाऱ्यांनी "दमलात का?" असे विचारू नये, कारण उत्तर बहुधा "नाही" असेच येते. थोड्या थोड्या वेळाने आपणच बाकावर बसावे. ज्येष्ठही संकोच न करता शेजारी बसतात. मग समोर दान्यूब वाहत असते आणि पलीकडच्या तीरावर संसद भवन दिसते. तेवढे पाहणे झाले, तरी सहल सार्थकी लागली.