लाव्हारसाचा गड

मुलांनो, हिरकणीवाडीतून रायगड चढताना कड्याकडे नीट पाहा. एकावर एक थर दिसतात ना?

“बाई, इथं ज्वालामुखी होता?” माझी चौथीची मुलं विचारतात. डोंगराएवढा नव्हता, पण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस वाहिला, थिजला आणि त्याचाच काळा पाषाण झाला. मऊ थर झिजले, कठीण टिकले. म्हणून कडे असे ताशीव. बाळाच्या ओढीनं हिरकणी असाच कडा उतरली, असं सांगतात.

१६७४ साली इथंच शिवराज्याभिषेक झाला. महाराजांच्या समाधीपाशी आपण चपला काढतो. मग वाटेवर वेफर्सची पिशवी कशी टाकवते? वाऱ्यानं ती खालच्या रानात जाते, तिथं गुरं चरतात. आमची मुलं गडावर जाताना एक रिकामी पिशवी सोबत घेतात, कचरा खाली आणायला. तुम्हीही घ्याल ना?