शिवाजी पार्कचा कट्टा आणि शिरगणती

मुंबई शहरीं जाण्याचा योग आला म्हणजे राणीचा बाग, महालक्ष्मी आणि चौपाटी एवढें पाहून परत फिरावें, अशी आपल्याकडील कुटुंबांची जुनी वहिवाट आहे. दादरचें शिवाजी पार्क 'प्रेक्षणीय स्थळ' म्हणून सहसा कोणी सुचवीत नाहीं. आणि सुचविलें तरी तेथें पाहावयाचें काय, असा प्रश्न घरांतील मंडळी विचारतील. प्रश्न रास्तच आहे. बागेला शोभा आणणारे फुलांचे वाफे तेथें नांवापुरतेच. तांबड्या मातीचें विस्तीर्ण मैदान, सभोंवतीं झाडांची रांग आणि तिच्या सांवलीला बुटका कट्टा, एवढाच काय तो थाट. तथापि एखाद्या नगराची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या कशी पालटत गेली, हें ज्यास पुस्तक न उघडतां वाचावयाचें असेल, त्यानें एक संध्याकाळ या कट्ट्यावर अवश्य काढावी.

दादर स्टेशनाच्या पश्चिमेस उतरून रानडे रस्त्यानें समुद्राच्या दिशेनें चालूं लागावें. भाजीवाले, फुलवाले, कापडाचीं दुकानें यांची दाटी अशी, कीं दोन हात मोकळे हालवितां येत नाहींत. आणि मग एकाएकीं समोर आकाश दिसूं लागतें. मैदानाचें क्षेत्र सुमारें २८ एकर आहे. कट्ट्यावरून एक प्रदक्षिणा घातली तर सव्वा किलोमीटरास थोडेंच उणें अंतर पडतें. एवढी जागा, तीहि मुंबईच्या ऐन पोटांत, मोकळी राहिली कशी?

याचें मूळ एका संकटांत आहे. १८९६ सालीं मुंबईंत ग्रंथिक सन्निपाताची साथ आली. दाटीच्या चाळींतून माणसें पटापट मरूं लागलीं, तेव्हां सरकारचे डोळे उघडले आणि १८९८ त शहरसुधारणेसाठीं इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. रुंद रस्ते, हवेशीर घरें आणि घरांच्या मध्यें मोकळी जागा असावी या धोरणानें दादर-माटुंग्याच्या योजना आंखल्या गेल्या. पारशी वसाहतींतील 'फाइव्ह गार्डन्स' हें त्याच धोरणाचें फळ. पश्चिमेकडील आपलें मैदान १९२५ सालीं नगरपालिकेनें लोकांस खुलें केलें. त्या वेळीं त्याला माहीम पार्क म्हणत. पुढें १९२७ सालीं शिवजन्माच्या त्रिशतसांवत्सरिक उत्सवाचें निमित्त साधून, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहानें त्याला शिवछत्रपतींचें नांव मिळालें.

आतां त्या काळची मुंबई डोळ्यांपुढें आणावी. १९२१ च्या शिरगणतींत या शहरांतील स्त्रियांची संख्या पुरुषांच्या निम्म्याहून थोडीच अधिक भरली. कोंकणांतला, देशावरचा तरुण गडी गिरणींत किंवा गोदींत राबावयास येई. बायको, मुलें आणि म्हातारे आईबाप गांवींच असत. अशा पुरुषांच्या शहरांत सार्वजनिक जागेची कल्पना पुरुषांच्या गरजेप्रमाणेंच व्हावी यांत नवल नाहीं. कसरत, मल्लखांब, क्रिकेट आणि जाहीर सभा हाच मैदानाचा उपयोग. पुढील दोन दशकांत गिरगांवच्या चाळी सोडून मध्यम स्थितींतील कुटुंबें येथल्या तीन मजली घरांतून राहावयास आलीं, आणि बिऱ्हाडामागें चार-पांच मुलें धरलीं तरी सायंकाळीं मैदान कसें भरून जात असेल, याची कल्पना वाचकांनीं स्वतःच करावी. रमाकांत आचरेकरांनीं सचिन तेंडुलकरास घडविलें तें याच मातींत. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांत येथें भरलेल्या सभांच्या आठवणी जुने दादरकर अद्याप सांगतात.

आज कट्ट्यावर बसलेल्या मंडळींकडे पाहावें. सकाळीं सहा वाजतां चालावयास येणाऱ्यांत पांढऱ्या केसांचेंच राज्य असतें. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें महाराष्ट्रांत साठ वर्षांवरील माणसें शेंकडा सुमारें दहा आहेत. आणि २०१९ ते २१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणी सांगते, कीं एका स्त्रीस सरासरी १.७ च मुलें होतात. दोन माणसांच्या जागीं दोनहि येत नाहींत, असा त्याचा सरळ अर्थ. त्यांतून मुलगा पुण्यास किंवा परदेशीं, सून नोकरीस, आणि दोन खोल्यांत आजीआजोबा. अशा घरांतून ओटी गेली, माजघर गेलें, परसू गेलें. आपल्या वाड्यांत म्हाताऱ्यांना बसण्याची जी जागा होती, ती आतां नगरपालिकेनें पुरवावयाची आहे. हें ओझें तिच्यावर केव्हां येऊन पडलें, तें तिच्याहि लक्षांत आलें नसावें.

यावर एक उपाय निघाला तो 'नाना-नानी पार्क'चा. केवळ वृद्धांकरितां वेगळें आवार. गिरगांव चौपाटीवर १९९९ मध्यें असें उद्यान झालें, आणि शिवाजी पार्कांतहि एक आहे. हेतु स्तुत्य आहे. पाय घसरूं नये, चेंडू लागूं नये, बसावयास पाठीचें बांक असावें, या गोष्टी आमच्या वयाला हव्यातच. पण मला स्वतःला कट्टाच अधिक आवडतो, व त्याचें कारण सांगतों. कट्ट्यावर म्हाताऱ्याच्या शेजारीं परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा बसतो, पलीकडे लेकराला भरविणारी आई असते, आणि विचारल्याशिवाय कोणीहि कोणाचें वय मोजीत नाहीं. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसाला समवयस्कांचा वेगळा कोंडवाडा, मग त्यांत कितीहि फुलें असोत, मानवत नाहीं.

स्त्रियांचेंहि तसेंच. द्वीपनगरींत आज हजार पुरुषांमागें स्त्रिया आठशेंच्या वर आहेत. पहाटे आणि दिवेलागणीनंतरहि त्या एकट्या निर्धास्तपणें फेऱ्या घालतात, ही गोष्ट कोणत्याहि पुतळ्यापेक्षां मला अधिक प्रेक्षणीय वाटली. दिवे आणि स्वच्छतागृह या दोन गोष्टी नीट असल्या म्हणजे अर्धें काम होतें; वाफ्यांतल्या परदेशी फुलांवर खर्च नंतर करावा.

येथें मृच्छकटिकाची आठवण होते. त्यांतलें पुष्पकरंडक उद्यान राजाच्या मेहुण्याच्या ताब्यांत होतें, आणि बिचाऱ्या भिक्षूनें तेथल्या तळ्यांत चीवर धुतलें म्हणून त्या शकारानें त्याला बडविलें. उद्यान कोणाचें हा तंटा असा पुरातन आहे. शिवाजी पार्कावरहि तो चालूच असतो. खेळणाऱ्यांना माती हवी, राहणाऱ्यांना धुळीचा जाच होतो. पक्षांना सभा हव्यात, आणि २०१० सालीं उच्च न्यायालयानें हा परिसर शांतता-क्षेत्र ठरविला.

परंतु याहून मोठा तंटा कांहीं अंतरावर, परळ-लालबागेंत होऊन गेला, व तो पुष्कळांच्या विस्मरणांत गेला आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडकळीस आल्या. त्यांची जमीन सुमारें ६०० एकर. १९९१ च्या नियमाप्रमाणें तिचा विकास करतांना एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठीं नगरपालिकेस मिळावयाचा होता. २००१ सालीं नियम बदलून, ज्या जमिनीवर इमारत नाहीं तेवढ्याच भागाची वांटणी करावी असें ठरलें. उच्च न्यायालयानें २००५ त तो बदल अमान्य केला. सर्वोच्च न्यायालयानें २००६ त तो उचलून धरला. कोर्टाचा निकाल शिरोधार्य खरा. तथापि मूळचा नियम राहता, तर शिवाजी पार्काएवढीं सहासात मैदानें कामकऱ्यांच्या मुलांना मिळण्याजोगीं होतीं, एवढें तरी गणित मांडण्यास हरकत नसावी.

दरम्यान वस्ती उत्तरेकडे सरकली. २००१ ते २०११ या दशकांत मूळ द्वीपावरील लोकसंख्या ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या आंत आली, तर उपनगरांची ८६ लाखांवरून ९३ लाखांच्या वर गेली. म्हणजे जुनीं, नीट आंखलेलीं मैदानें जेथें आहेत तेथें माणसें घटलीं, आणि जेथें माणसें वाढलीं तेथें मैदान मिळणें दुरापास्त. रविवारीं दूरच्या उपनगरांतून गाडीनें मुलांना घेऊन आलेलीं कुटुंबें कट्ट्यावर दिसतात, तीं हौसेनें येतात असें मी मानीत नाहीं. केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेंत माणशीं दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा असावी असें म्हटलें आहे. शाळेंतल्या सवयीनें मीं त्रैराशिक मांडून पाहिलें: या मापानें अठ्ठावीस एकरांचें शिवाजी पार्क जेमतेम अकरा हजार माणसांना पुरतें.

शहराचा सध्यांचा विकास आराखडा २०१८ सालीं अमलांत आला, तो २०३४ पर्यंतचा आहे. २०२१ ची शिरगणती झालीच नाहीं. म्हणून २०११ च्या आंकड्यांवरच अंदाज बांधावे लागले व लागत आहेत. त्या शिरगणतींत ज्याची नोंद पन्नास वर्षांचा म्हणून झाली, तो गृहस्थ २०३४ त त्र्याहत्तर वर्षांचा असेल, आणि संध्याकाळीं पांच वाजतां काठी टेकीत बसावयास जागा शोधीत असेल.